आपल्या वापराचा कार्बन-हिशेब कसा मांडायचा

"पर्यावरणासाठी काहीतरी करायचंय, पण सुरुवात कुठून करू?" असं विचारणारे बहुतेक जण एक-दोन गोष्टी आधीच करत असतात. कापडी पिशवी नेतात, फोनचा चार्जर आठवणीने बंद करतात, दात घासताना नळ बंद ठेवतात. या सवयी चांगल्याच आहेत, सोडू नका. पण त्याच घरात गीझर दिवसभर चालू असतो, जुन्या फ्रिजच्या दाराचं रबर सैल झालेलं असतं आणि रोज एकाच माणसाला घेऊन चारचाकी वीस किलोमीटर धावत असते. तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. थेंबे थेंबे तळं साचतं हे खरं, पण तळ्याच्या बांधालाच भगदाड असेल तर आधी ते बुजवायला हवं. ते भगदाड कसं शोधायचं, एवढंच मला इथे सांगायचं आहे. त्यासाठी विज्ञानाची पदवी लागत नाही. एक वही, घरातला विजेचा मीटर आणि शाळेतला गुणाकार पुरतो.

सुरुवातीला थोडी पार्श्वभूमी सांगते. १९५८ साली चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे इंधन जळताना निघणारा आणि उष्णता अडवून पृथ्वी तापवणारा वायू, नियमितपणे मोजायला सुरुवात केली. तेव्हा हवेच्या दर दहा लाख रेणूंमध्ये तो सुमारे ३१५ होता. औद्योगिक क्रांतीच्या आधी तो २८०च्या आसपास होता, आणि आज ४२०च्या वर गेला आहे. आपण सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण निम्मा समुद्र आणि झाडं-माती शोषून घेतात. उरलेला हवेतच साठत जातो आणि त्याचा काही भाग शेकडो वर्षं तिथे टिकतो. म्हणून दोन वर्षं संयम पाळला आणि हवा निवळली, असं इथे होत नाही. आज जाळलेल्या इंधनाचा वाटा आपल्या नातवंडांच्या नातवंडांच्या हवेतही असणार आहे. याचा मी पहिल्यांदा नीट विचार केला, त्या दिवशी मीटरकडे बघायची माझी नजर बदलली.

पायरी १ : एक महिना काहीही बदलू नका, फक्त लिहा

उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सगळं बदलायला जाऊ नका. महिनाभर फक्त नोंदी ठेवा. रोज ठरलेल्या वेळी मीटरचा आकडा लिहा. गाडीत किती लिटर इंधन भरलं आणि गाडी किती किलोमीटर चालली ते लिहा. स्वयंपाकाचा गॅस किती दिवस पुरला, किती अन्न फेकलं, कोणती नवी वस्तू घरात आली, हेही लिहा. घरातल्या इतरांना सुरुवातीलाच सांगा की ही वही कुणाच्या चुका काढण्यासाठी नाही. हे सांगायला मी विसरले होते. आठवडाभरातच घरातले सगळे माझ्यापासून दिवे लपवायला लागले आणि माझे आकडे खोटे ठरले.

आकड्यांचं कार्बनमध्ये रूपांतर करायला थोडीच मापं लागतात. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि एक लिटर डिझेलमागे सुमारे २.७ किलो. इथे नवखा माणूस नेहमी अडतो. एका लिटर पेट्रोलचं वजन पाऊण किलोही भरत नाही, मग त्यातून सव्वादोन किलो वायू निघेल कसा? जळताना पेट्रोलमधला कार्बन हवेतला ऑक्सिजन घेतो, म्हणून. कार्बनचा अणुभार १२ आहे आणि त्याला प्रत्येकी १६ चे दोन ऑक्सिजन चिकटतात, म्हणजे ४४ होतात. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ६४० ग्रॅम कार्बन असतो. त्याला ४४ ने गुणून १२ ने भागलं की २.३ किलो येतात. गाडी टाकीतून जेवढं पिते, त्याच्या तिप्पट वजन मागच्या नळीतून हवेत सोडते.

विजेचं माप मात्र जागेनुसार बदलतं, कारण एक युनिट वीज कशापासून बनली यावर सगळं अवलंबून असतं. कोळशावरच्या विजेमागे दर युनिटला साधारण १ किलो धरा आणि नैसर्गिक वायूवरच्या विजेमागे अर्धा किलो. वारा आणि सूर्य यांच्या बाबतीत यंत्रं बनवतानाचं उत्सर्जन धरूनही हा आकडा ५० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो. तुमच्या भागातली वीज कुठून येते, हे वीज कंपनीच्या वार्षिक अहवालात बहुधा सापडतं. सापडलं नाही तर अर्धा किलो धरून पुढे चला. आपल्याला दशांश चिन्हापर्यंतची अचूकता नको आहे. मोठं काय आणि लहान काय, एवढंच कळायला हवं.

पायरी २ : रात्रीचा मीटर

हा प्रयोग एकाच रात्रीचा आहे आणि माझा सगळ्यात आवडता आहे. झोपण्यापूर्वी मीटरचा आकडा लिहा आणि सकाळी उठल्या उठल्या, कुठलंही बटण दाबायच्या आत, पुन्हा लिहा. सगळे झोपलेले असताना घराने किती वीज खाल्ली ते कळेल.

मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा सकाळचा आकडा वाचून मला वाटलं की रात्री अंधारात चुकीचं लिहिलं असणार. दुसऱ्या रात्री पुन्हा केलं, तरी तेवढाच आकडा आला. तिसऱ्या रात्री मी टॉर्च घेऊन मीटरसमोर बसले आणि एकेक उपकरण भिंतीवरच्या बटणापासून बंद करत गेले. मीटरवरचा लाल दिवा वीज वापरली जाते तसा लुकलुकतो. टीव्ही आणि त्याचा सेट-टॉप बॉक्स बंद केल्यावर लुकलुक थोडी मंदावली. फ्रिज बंद केल्यावर आणखी मंदावली. तरी ती थांबेना. शेवटी कळलं की गीझरचं बटण कुणीतरी संध्याकाळपासून चालू ठेवलं होतं. टाकीतलं पाणी थंड होत होतं, थर्मोस्टॅट ते पुन्हा तापवत होता, आणि हे रात्रभर चालू होतं. वापरायला कुणीच नव्हतं.

स्टँडबायवर १० वॅट खाणारं एखादं उपकरण वर्षभर तसंच राहिलं, तर जवळपास ८८ युनिट जातात. फोनचा नुसता खोचलेला आधुनिक चार्जर मात्र वर्षभरात दोन-तीन युनिटांच्या वर जात नाही. म्हणून चार्जरची काळजी नंतर करा. आधी बॉक्स, जुना संगणक आणि गीझर बघा.

पायरी ३ : जिथे तापवणं आणि थंड करणं आहे, तिथे सगळ्यात आधी जा

घरातल्या ऊर्जेबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : उजेड आणि आवाज स्वस्तात होतात, पण तापमान बदलायला फार ऊर्जा लागते. पाणी तर फारच ऊर्जा पितं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात आणि एका युनिटात ३,६०० किलोज्यूल असतात. आता मिनिटाला १० लिटर पाणी सोडणाऱ्या शॉवरखाली दहा मिनिटं अंघोळ केली, तर १०० लिटर पाणी लागलं. ते २० अंशांनी तापवायला ८,४०० किलोज्यूल लागले, म्हणजे सुमारे २.३ युनिट. एवढ्या विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा अडीचशे तासांहून जास्त जळतो. किंवा तो मघाचा चार्जर जवळजवळ वर्षभर खोचून ठेवता येतो. एका अंघोळीत वर्षभराचा चार्जर! हे गणित एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, मग कुठे लक्ष द्यायचं ते सांगावं लागत नाही.

करायच्या गोष्टी सोप्या आहेत. शॉवरला कमी पाणी सोडणारं तोंड बसवा. मिनिटाला १० लिटरऐवजी ६ लिटर पाणी आलं की ऊर्जाही ४० टक्क्यांनी कमी लागते. अंघोळीची मजा मात्र फारशी कमी होत नाही. बादलीने अंघोळ करणाऱ्यांचं पाणी मुळातच मोजकं असतं. गीझर हवा तेव्हाच लावा आणि त्याचं तापमान गरजेपुरतं ठेवा. भरपूर ऊन असेल तर सौर गीझर हा छपरावर करता येणाऱ्या उत्तम गुंतवणुकींपैकी एक आहे. कपडे धुण्याच्या यंत्रात गरम पाण्याचा पर्याय निवडला की बहुतेक वीज पाणी तापवण्यातच जाते, म्हणून रोजचे कपडे साध्या पाण्यात धुवा आणि दोरीवर वाळवा. स्वयंपाक करताना भांड्यावर झाकण ठेवा.

एसीचं म्हणाल तर बाहेरची उष्णता आत येण्याचा वेग आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतो. बाहेर ३६ आणि आत १८ असेल तर फरक १८ अंशांचा, आणि आत २७ ठेवलं तर ९ अंशांचा. फरक निम्मा झाला की भिंती-खिडक्यांतून येणारी उष्णताही साधारण निम्मी होते. पंखा लावला की २७ अंशांतही बरं वाटतं. त्याही आधी ऊन खिडकीच्या बाहेरच अडवा. काचेतून आत शिरलेलं ऊन पडद्याने अडवण्यात तेवढा फायदा नाही, कारण तोवर उष्णता घरात आलेली असते.

एसीबद्दल अजून एक गोष्ट आहे. ती फार कमी लोकांना माहीत असते आणि मलाही उशिराच कळली. आमच्याकडे एसी दुरुस्तीला एक मेकॅनिक आला होता. त्याने एक झडप सैल केली आणि यंत्रातला उरलेला गॅस बाहेर सोडून दिला. अर्धा मिनिट फुस्स असा आवाज झाला. नंतर त्याने नवा गॅस भरला आणि तो गेला. मी शेजारीच उभी होते, पण काही बोलले नाही, कारण काय घडतंय तेच मला कळलं नव्हतं. रात्री मी यंत्रावरची पट्टी वाचली. गॅस होता आर-४१०ए. हा वायू शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दोन हजार पट उष्णता अडवतो. एक किलो सुटला तर दोन टनांवर कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं झालं. म्हणजे सुमारे ९०० लिटर पेट्रोल. लिटरला १५ किलोमीटर देणारी गाडी तेवढ्यात साडेतेरा हजार किलोमीटर जाते. तेवढं सगळं त्या अर्ध्या मिनिटात गेलं, आणि ते मला आजही सलतं.

म्हणून तुम्हाला कळकळीने सांगते, मेकॅनिक आला की काम सुरू होण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. "जुना गॅस सिलिंडरमध्ये काढून घेणार ना?" आणि "गळती कुठे आहे ते आधी शोधणार ना?" गळती न शोधता दरवर्षी गॅस भरून घेणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतत राहणं. नवं यंत्र घेताना पट्टीवर गॅसचं नाव वाचा. आर-३२ चा परिणाम सुमारे ६७५ पट आहे, म्हणजे आर-४१०एच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. प्रोपेन, म्हणजे आर-२९०, याचा परिणाम तर नगण्य आहे. २०१६ साली रवांडातल्या किगालीमध्ये जगातल्या देशांनी असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचं ठरवलं. पण तुमच्या भिंतीवरचं यंत्र ज्याच्या ताब्यात आहे, त्याने लक्ष दिलं तर तो करार तुमच्या घरापर्यंत पोहोचतो.

पायरी ४ : प्रवासाची वही

रोज येऊन-जाऊन २० किलोमीटर, वर्षाचे २५० दिवस, असा प्रवास ५,००० किलोमीटरचा होतो. लिटरला १५ किलोमीटर देणारी पेट्रोलची गाडी त्यात ३३३ लिटर पिते आणि साधारण पाऊण टन कार्बन डायऑक्साइड सोडते. गाडीत दोघं बसले तर माणशी आकडा निम्मा होतो. चौघं बसले तर पावपट. रोजच्या प्रवासात दुसरा कुठलाही बदल इतक्या लवकर एवढा फरक पाडत नाही. भरलेली बस किंवा रेल्वे याहून बरीच पुढे आहे, आणि सायकल किंवा पायी चालण्याला तर हिशेबच नको. आठवड्यातले दोन दिवस घरून काम करता आलं तर त्या दोन दिवसांचा आकडा शून्य होतो. फक्त त्या दोन दिवसांत घरात दिवसभर एसी लावू नका.

विजेवरच्या गाडीबद्दल नेहमी विचारलं जातं. तिची बॅटरी बनवताना बरंच उत्सर्जन होतं, त्यामुळे कारखान्यातून बाहेर पडताना ती पेट्रोलच्या गाडीपेक्षा कार्बनच्या कर्जात जास्त बुडालेली असते. चालताना ते कर्ज फिटत जातं. वीज स्वच्छ असेल आणि गाडी भरपूर चालत असेल तर लवकर फिटतं, वीज कोळशाची असेल आणि गाडी दारात उभी राहत असेल तर रखडतं. म्हणून रोज खूप चालणाऱ्याने आधी बदलावी. महिन्यातून चारदा गाडी काढणाऱ्याने असलेलीच नीट ठेवावी, हेच बरं.

विमानाचा आकडा वेगळ्या कारणाने मोठा येतो. प्रवाशामागे दर किलोमीटरला साधारण १०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड, म्हणजे किलोमीटरच्या हिशेबात एकट्याने चालवलेल्या गाडीपेक्षा तो जास्त नाही. पण गाडीने कुणी दोन दिवसांत दहा हजार किलोमीटर जात नाही आणि विमानाने सहज जातो. तेवढ्या एका फेरीत टनभर, म्हणजे वर्षभराच्या रोजच्या गाडीप्रवासाहून जास्त. विमानाच्या मागे उमटणाऱ्या पांढऱ्या रेघा उष्णता अडवतात, तो परिणाम याशिवाय. बिझनेस क्लासची खुर्ची जास्त जागा अडवते, म्हणून तिच्या वाट्याला इंधनही काही पटींनी जास्त येतं. आई-वडील दूर देशात असतील तर त्यांना भेटायला जा. त्याबद्दल अपराधी वाटून घेऊ नका. पण एका तासाच्या बैठकीसाठी विमान पकडायची वेळ आली, तर "हे फोनवर होईल का?" हा प्रश्न मोठ्याने विचारा.

पायरी ५ : ताट

माणसाने घडवलेल्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनातला सुमारे एक तृतीयांश वाटा शेतापासून ताटापर्यंतच्या साखळीचा आहे. इथे लोक चुकतात ते अन्न किती लांबून आलं हे पाहण्यात. वाहतुकीचा वाटा बहुतेक पदार्थांत थोडाच असतो, जहाजाने आलेल्या धान्यात तर फारच थोडा. विमानाने आलेला नाजूक माल हा त्याला अपवाद. खरा फरक अन्न कुठलं आहे याने पडतो. गुरांच्या पोटात चारा आंबताना मिथेन तयार होतो. हा वायू हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, पण वीस वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ८० पट उष्णता अडवतो. म्हणून एक किलो गोमांसामागे पद्धतीनुसार सरासरी ३० ते १०० किलो कार्बन डायऑक्साइडएवढं उत्सर्जन होतं आणि एक किलो कडधान्यामागे एक-दोन किलो. चीज वीसच्या पुढे जातं. कुणी काय खावं हे मी सांगणार नाही. पण जो रोज मांस खातो त्याने आठवड्यातले तीन दिवस कडधान्य खाल्लं, तर त्याच्या वहीत फरक ठळक दिसतो.

दुसरी गोष्ट अशी की जे आणाल ते खा. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ साली दुकानं, उपाहारगृहं आणि घरं मिळून १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. त्यातला सुमारे ६० टक्के वाटा घरांचा होता. फेकलेल्या घासाबरोबर त्याला घातलेलं खत, पाणी, डिझेल, फ्रिजची वीज, सगळंच फुकट जातं. वर ते कचऱ्याच्या डोंगराखाली हवा न मिळता कुजलं की पुन्हा मिथेन सोडतं. तेच घरी हवा खेळती ठेवून कंपोस्ट केलं तर मिथेन फारसा होत नाही. फ्रिजमध्ये डोळ्यासमोरच्या कप्प्यात "आधी हे संपवा" अशी एक जागा ठेवा. माझ्या वहीतला फेकलेल्या अन्नाचा आकडा एवढ्या एका कप्प्याने निम्म्यावर आला.

पायरी ६ : वस्तूंचे दोन ढीग करा

जुनी वस्तू वापरत राहावी की नवी, कमी ऊर्जा खाणारी घ्यावी? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. घरातल्या वस्तू मनातल्या मनात दोन ढिगांत टाका. काही वस्तूंचं बहुतेक उत्सर्जन त्या बनतानाच होऊन गेलेलं असतं : फोन, लॅपटॉप, कपडे, फर्निचर. स्मार्टफोनच्या आयुष्यभराच्या उत्सर्जनातला साधारण तीन-चतुर्थांश किंवा त्याहून जास्त भाग तो तुमच्या हातात येण्याआधीच झालेला असतो. अशी वस्तू जितकी जास्त वर्षं वापराल तितकं चांगलं. दोन वर्षांऐवजी चार वर्षं वापरलेल्या फोनचं वर्षाला पडणारं ओझं जवळपास निम्मं होतं. बॅटरी बदला, काच बदला, सेकंडहँड घ्या.

दुसऱ्या ढिगातल्या वस्तू चालताना खातात : फ्रिज, एसी, गीझर, गाडी, जुना पिवळा दिवा. पंधरा-वीस वर्षांचा खादाड फ्रिज जिव्हाळ्याने जपून ठेवणं इथे महाग पडतं. ६० वॅटचा जुना दिवा तर फुटायची वाट न बघता आजच काढा, कारण तेवढाच उजेड ९ वॅटचा एलईडी देतो. नवा फ्रिज घेतल्यावर जुना मात्र दुसऱ्या खोलीत "असू दे, पाहुणे आले तर" म्हणून चालू ठेवू नका. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी इंग्लंडच्या कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. वाफेची इंजिनं सुधारली, कमी कोळशात जास्त काम व्हायला लागलं, आणि कोळशाचा एकूण वापर कमी होण्याऐवजी वाढला. घरातही तसंच होतं. कमी वीज खाणारा एसी आला की तो जास्त तास चालतो. म्हणून नोंद वस्तूची नको, मीटरची ठेवा.

कापडी पिशवी पहिल्या ढिगातली आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ साली केलेल्या अभ्यासात, हवामानाच्या दृष्टीने साध्या प्लास्टिक पिशवीपेक्षा सरस ठरायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते असं निघालं. नाल्यात आणि समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा प्रश्न वेगळा, आणि तिथे कापडी पिशवीच बरी. पण प्रत्येक कार्यक्रमात वाटलेली नवी कापडी पिशवी घरी आणून कपाटात ठेवणं यात कुणाचंच भलं नाही. एकच ठेवा आणि ती विरेपर्यंत वापरा.

घर बांधणं किंवा घेणं ही बहुतेकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. जगातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा ७-८ टक्के आहे, कारण चुनखडी भाजताना इंधनाचा धूर तर निघतोच, पण खुद्द दगडातूनही कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. एक खोली कमी, जुन्या इमारतीची डागडुजी, वारा खेळेल अशा खिडक्या : हे निर्णय एकदाच होतात आणि पन्नास वर्षं चालतात.

पुनर्वापराबद्दल थोडक्यात. ॲल्युमिनियम नक्की परत द्या, कारण वापरलेल्या ॲल्युमिनियमपासून नवं करायला खनिजापासून बनवण्यापेक्षा सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. प्लास्टिकची गोष्ट तशी नाही. २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लास्टिक कचऱ्यापैकी जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात आलं. प्लास्टिक कमी विकत घेणं हाच त्यावरचा मुख्य इलाज.

पायरी ७ : घराच्या बाहेर

वही भरल्यावर बऱ्याच जणांना निराशा येते. "मी एवढं केलं, पण वीज कोळशाचीच येते, बस येतच नाही, मग काय उपयोग?" ती निराशा मला कळते. एकट्याच्या निवडीला मर्यादा आहेत. सगळ्यांची जबाबदारीही सारखी नाही. जगातले सर्वाधिक उत्पन्नाचे १० टक्के लोक जवळपास निम्म्या उत्सर्जनाला कारणीभूत आहेत. ज्याच्या घरात एकच दिवा जळतो त्याने तो विझवावा असं म्हणायचा अधिकार कुणालाही नाही.

पण ओझोनची हकिगत बघा. १९७४ साली मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी दाखवलं की स्प्रेच्या डब्यांतले आणि फ्रिजमधले सीएफसी वायू वरच्या हवेतला ओझोन नष्ट करू शकतात. अमेरिकेतल्या कितीतरी लोकांनी बंदीची वाट न पाहता असे स्प्रे घेणं सोडलं आणि खप घसरला. १९७८ मध्ये तिथे बहुतेक स्प्रेंतल्या सीएफसीवर बंदी आली. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं. १९८७ मध्ये असे वायू आवरण्यासाठी माँट्रियल करार झाला. पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या आणि आज ओझोनचा थर हळूहळू भरून येतो आहे. दुकानातल्या निवडीने एकटीने हे घडलं नाही, आणि नुसत्या कराराच्या कागदानेही नाही. लोकांनी आधी डबा खाली ठेवला होता, म्हणून बंदी आणणाऱ्यांचं काम हलकं झालं.

तर तुमची वही घेऊन तुम्ही जिथे बसता तिथे बोला. इमारतीच्या बैठकीत छपरावरच्या सौर पॅनेलचा विषय काढा आणि सामाईक दिव्यांचे व पाण्याच्या पंपाचे आकडे बरोबर न्या. आकडे समोर असले की वाद कमी होतो. कार्यालयात एसी कितीवर लावला आहे आणि सुट्टीच्या दिवशी तो चालू असतो का, ते विचारा. पदपथ आणि बससेवा मागा. मत मागायला येणाऱ्याला विजेबद्दल, बसबद्दल आणि झाडांबद्दल नेमका प्रश्न विचारा, आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

वही बंद करू नका. वर्षभराने त्याच महिन्यात पुन्हा एकदा रोजच्या नोंदी घ्या. महिना तोच हवा, कारण उन्हाळ्याच्या आकड्याची थंडीच्या आकड्याशी तुलना होत नाही. शेजारी त्या महिन्यात घरात किती माणसं होती, किती दिवस बाहेर होता आणि कोणती वस्तू बदलली तेही लिहा. एक रात्र पुन्हा टॉर्च घेऊन मीटरसमोर बसा आणि लाल दिवा किती वेळाने लुकलुकतो ते मोजा.